नंबर नाही, लायसन नाही... मग ई-सायकल नेमकी कोण? सायकल की गाडी?

शेवटचा_बाक
सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मुलगी यंदा दहावीत. वय पंधरा. घर सिंहगड रोडला आनंदनगरजवळ, क्लास टिळक रोडला. जाऊन-येऊन दहा-अकरा किलोमीटर. रिक्षा रोज परवडत नाही, बसची वेळ जुळत नाही आणि मला रोज सोडायला जमत नाही. साधी सायकल आहे, पण क्लासला पोचेपर्यंत घामाघूम होते म्हणून ती नाक मुरडते. तेव्हा ई-सायकल घ्यावी असं घरात ठरलं. बजेट पस्तीस हजारांच्या आत.

काल एका दुकानात जाऊन आलो. मालक म्हणाले, "पासिंग नाही, लायसन नाही, इन्शुरन्स नाही, हेल्मेट नाही. बिनधास्त द्या मुलीला." ऐकून बरं वाटलं. पण निघताना तिथला पोरगा पार्किंगपर्यंत मागे आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, पंचवीसच्या पुढे जात नाही ही. पाचशे द्या, लिमिट काढून देतो. चाळीस आरामात."

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. मालक म्हणतो ते खरं असेल तर ते लिमिट कशाला ठेवलंय? आणि ते काढलं तर काय होतं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

अर्धा_पाव_मिसळ
सोमवार, रात्री १०:५२

वाचतेय. माझ्या भाच्यालाही हवी आहे.

पंक्चरशास्त्री
सोमवार, रात्री ११:३०

मालक खोटं बोलले नाहीत, फक्त अर्धंच बोलले. उरलेलं अर्धं त्यांच्या पोऱ्यानं सांगितलं.

ई-सायकलसाठी आपल्याकडे वेगळा कायदा असा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाची व्याख्या आहे, त्या व्याख्येच्या शेपटीला सूट जोडलेली आहे. दुचाकी बॅटरी वाहन काही अटींत बसत असेल तर ते 'मोटार वाहन' मानायचं नाही. मोटार वाहनच नाही म्हटल्यावर पासिंग नाही, लायसन नाही, थर्ड पार्टी विमा नाही आणि वयाची अटही नाही. कायद्याच्या लेखी ती तुमची साधी ॲटलस-हर्क्युलिसच.

अटी म्हणाल तर मोटरची तीस मिनिटांची ताकद पाव किलोवॅटपेक्षा कमी हवी आणि कमाल वेग ताशी २५ किमीपेक्षा कमी. पेडल मारल्यावर मदत करणारी सायकल असेल तर तिची मदत वेगाबरोबर कमी कमी होत जाऊन २५ ला पूर्ण बंद पडली पाहिजे, आणि पेडल थांबवलं तर त्याआधीच. चांगले ब्रेक हवेत, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवा. बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत, पण ती काळजी सायकलवाल्यानं करूच नये. तुम्ही बघताय ती फार तर बावीस-पंचवीस किलोची असेल. ही वजनाची अट पेडल नसलेल्या छोट्या ई-स्कूटरवाल्यांना लागते, त्याही याच खिडकीतून आत शिरतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे दुकानात कोणी सांगत नाही. या अटी पाळल्यात हे कंपनीनं नुसतं म्हणून चालत नाही, सरकारमान्य चाचणी संस्थेनं तपासलेलं असावं लागतं. आपल्या पुण्याची एआरएआय त्यातलीच, वेताळ टेकडीवर आहे ती. हरियाणात मानेसरला आयकॅट आहे. मॉडेल तपासून तिथून प्रमाणपत्र मिळतं आणि सूट त्या मॉडेलला, तपासलं होतं त्या अवस्थेत मिळते. दुकानात जाऊन पहिलं ते प्रमाणपत्र मागा.

ऱ्हस्वदीर्घ
मंगळवार, सकाळी ७:०५

शास्त्रीबुवा, एक शंका. नियमात पाव किलोवॅटपेक्षा 'कमी' आहे ना? मग दुकानात सगळ्या सायकलींवर ठळक अक्षरांत '२५० वॅट' लिहिलेलं असतं त्याचं काय? २५० हे २५० पेक्षा कमी कसं?

पंक्चरशास्त्री
मंगळवार, सकाळी ७:४८

वाटच बघत होतो तुमची. :)

पाटीवरचा आकडा हा विक्रीचा आकडा. प्रमाणपत्रावरचा वेगळा असतो. चाचणीत धरतात ती 'तीस मिनिटांची' ताकद, म्हणजे मोटर अर्धा तास सलग सरासरी जेवढी देऊ शकते तेवढी. दोन-चार सेकंद जोर लावला तर तीच मोटर याहून बरंच जास्त देते. माणसाचंही तसंच असतं की. जिना धावत चढताना जो दम लावता तो पर्वती चढेपर्यंत टिकतो का?

म्हणून जाहिरातीत कुठे 'पीक पॉवर' म्हणून मोठा आकडा दिसला तर लगेच बेकायदा समजू नका, आणि '२५० वॅट' दिसलं म्हणून लगेच कायदेशीरही समजू नका. कागद बघा.

रंकाळ्याचा_वारा
मंगळवार, सकाळी ९:२०

भावा, काय लावलंय वॅट आणि किलोवॅट! आमच्याकडं निम्म्या पोरांनी लिमिट काढलंय. कंट्रोलरमधली एक वायर असती, दोन मिनिटांचं काम. कोण बघतंय? नंबरच नाही म्हटल्यावर पोलीस पावती फाडणार कशावर?

पुढील_तारीख
मंगळवार, दुपारी १:१५

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. कोर्टात उभा राहतो तेवढ्यापुरता अधिकार. याला सल्ला समजू नका, गप्पा समजा.

वारासाहेबांचा प्रश्न बरोब्बर उलटा करून बघा. नंबर नाही ही त्यांना ढाल वाटतेय. प्रत्यक्षात तोच पहिला गुन्हा होतो. लिमिट काढलं त्या क्षणी सूट गेली. सूट गेली म्हणजे ती वस्तू मोटार वाहन झाली. कोणी शिक्का मारावा लागत नाही, कुठे नोंद करावी लागत नाही. काल रात्री सायकल होती, आज सकाळी विनानोंदणी मोटार वाहन आहे. मग माळ लागते ती अशी:

नोंदणी नसलेलं वाहन रस्त्यावर आणलं, कलम १९२, पहिल्या वेळी दंड ५,००० रुपयांपर्यंत. लायसन नाही, कलम १८१, आणखी ५,०००. विमा नाही, कलम १९६, पहिल्या वेळी २,००० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. वाहनात बेकायदा फेरफार केला म्हणून मालकावर कलम १८२अ, तिथेही ५,००० किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. पाचशे रुपयांच्या वायरीला हे सगळं लटकलंय.

पण धागाकर्त्यांनी खरं वाचायचं आहे ते कलम १९९अ. २०१९ च्या दुरुस्तीत आलं. अल्पवयीन मुलानं या कायद्याखालचा गुन्हा केला तर दोषी धरला जातो पालक किंवा वाहनाचा मालक. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. शिवाय त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. 'मला माहीत नव्हतं' हा बचाव कायद्यात आहे, पण तो सिद्ध करायचा पालकानं. आणि ज्यानं स्वतः पाचशेची नोट काढून दिली तो कुठल्या तोंडानं म्हणणार माहीत नव्हतं?

पन्नास सीसीच्या आतल्या गाडीला सोळाव्या वर्षी लायसन मिळतं, त्या वाटेनंही तुमची मुलगी बसत नाही, ती पंधराची आहे. तिच्यासाठी रस्त्यावर एकच जागा कायद्यानं मोकळी ठेवलीय, पंचवीसच्या आतली सायकल.

शेवटचा_बाक
मंगळवार, दुपारी १:४०

बाप रे. पंचविशीपर्यंत लायसन नाही हे तिला वाचून दाखवलं. दंडाचं तिला काही वाटलं नाही, पण या वाक्यावर चेहरा पडला. :)

रंकाळ्याचा_वारा
मंगळवार, दुपारी २:३०

वकीलसाहेब, कागदावरचं ठीक आहे. कारवाई झालेली कोणी बघितलीय का?

डेक्कनचा_वळसा
मंगळवार, दुपारी ३:०५

झाली आहे की. २०२२ च्या उन्हाळ्यात परिवहन आयुक्तांनी राज्यभरातल्या आरटीओंना आदेश दिले होते, ताकद आणि वेग वाढवलेल्या बिननंबरच्या ई-बाइकवर कारवाई करा म्हणून. त्याच सुमारास देशात ई-स्कूटरना आगी लागल्याच्या बातम्या येत होत्या, त्यामुळे सगळे खडबडून जागे झाले होते. पुढे नेहमीप्रमाणे थंड. पण मला यात गिऱ्हाइकाला धरणं पटत नाही. १८२अ मध्ये विकणाऱ्याला प्रत्येक वाहनामागे एक लाख रुपये दंड आहे. आधी दुकानं धरा ना. पोरं काय, दुकानदार देतो ते घेतात.

पुढील_तारीख
मंगळवार, दुपारी ३:२०

सहमत. पण दुकानदार बिलावर 'लिमिट काढले – ५०० रु.' असं लिहून देत नाही, ही अडचण आहे.

रंकाळ्याचा_वारा
मंगळवार, रात्री ९:५०

बरं, आता खरं सांगतो. सकाळी शेखी मिरवली, पण दुपारपासून वकीलसाहेबांचं वाचून पोटात गोळा आलाय.

माझ्या सायकलीचं लिमिट मी गेल्या पावसाळ्याच्या आधी काढलं. अडतीस जायची. जुलैतली गोष्ट, पहाटे सहा. रात्रभर रिपरिप चालू होती. इथं कोल्हापुरात गंगावेशेकडं निघालो होतो, कट्ट्यावर दूध प्यायला. पुढं एक गवळी सायकलवरनं चाललेला, दोन्ही बाजूला किटल्या. त्याच्या पुढं अचानक म्हैस आडवी आली, तो थांबला. मी दोन्ही ब्रेक दाबले. ब्रेक साधे, रिमवर रबर घासणारे. रिम ओली. पहिले दोन सेकंद ब्रेक लागलेच नाहीत, नुसती सर्रर्र. मग एकदम धरले आणि मी हँडलवरनं पुढं.

गवळ्याला फार लागलं नाही, गुडघा सोलला. पण दोन्ही किटल्या आडव्या. पांढरं दूध आणि तांबडं पाणी एकमेकांत मिसळून गटाराकडं चाललेलं, म्हैस तशीच उभी, आणि तो बिचारा मलाच विचारतोय, "लागलं काय रे बाळा?" तीन हजार दिले. कमीच दिले असं अजून वाटतं.

तेव्हा वाटलं पावसाचा दोष. आज कळलं की त्याचा पाय मोडला असता तर विमा-बिमा काही नव्हता, सगळं माझ्या बोडक्यावर.

पंक्चरशास्त्री
मंगळवार, रात्री १०:२५

वाऱ्या, हे लिहिलंस ते बरं केलंस.

ब्रेकचं गणित सांगून ठेवतो. पंचवीसवरून चाळीस म्हणजे वेग दीडपटीच्या जरा वर. पण थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, अडीचपट होते. म्हणजे थांबायला लागणारं अंतरही साधारण अडीचपट. लिमिट काढणारा पोरगा वायर काढतो, ब्रेक बदलून देत नाही. चिमटा (चाक धरणारा फोर्क), टायर, रिम, स्पोक सगळं पंचवीसच्या हिशोबानं बसवलेलं असतं. रिमब्रेकची रबरं पावसाळ्यात महिन्या-दीड महिन्यात बघावीत, रेघा बुजल्या की बदलावीत. जमत असेल तर डिस्कब्रेकचीच सायकल घ्या, ओल्यात ती उजवी.

म्युनिकचा_भाऊ
मंगळवार, रात्री ११:१०

इथे जर्मनीत हाच प्रकार, फक्त दोन जाती सरळ वेगळ्या केल्यात. २५० वॅट आणि २५ किमीपर्यंत मदत करणारी ती पेडेलेक, कायद्यानं सायकल. ४५ पर्यंत जाणारी ती एस-पेडेलेक, कायद्यानं मोपेड. तिला लायसन, हेल्मेट, विम्याची छोटी नंबरप्लेट. त्या प्लेटचा रंग दर वर्षी १ मार्चला बदलतो, त्यामुळे पोलिसाला लांबूनच कळतं की विमा संपलाय. एस-पेडेलेकला शहरातल्या सायकलमार्गावर सहसा शिरता येत नाही, गाड्यांतूनच जायचं. म्हणून बहुतेकांना पंचवीसचीच बरी वाटते.

आणि हो, नुसती रेस देऊन पळणारी सायकल इथे सायकल नाही. हातात धरून ढकलताना ताशी सहापर्यंत मोटर मदत करते, तेवढंच.

अर्धा_पाव_मिसळ
मंगळवार, रात्री ११:१६

आले परदेशवाले. :) आता धागा शंभरी गाठणार.

साडेसातची_एमआरटी
बुधवार, सकाळी ६:३०

मग सिंगापूरचंही घ्या. इथे ई-सायकलला नारिंगी सील लागतं, नोंदणी लागते, मागे नंबरप्लेट लागते. वजन २० किलोच्या आत, थ्रॉटल (पेडल न मारता नुसती रेस द्यायची मूठ) चालत नाही, वय सोळा पूर्ण. १ जानेवारी २०२२ पासून चालवणाऱ्याला ऑनलाइन लेखी परीक्षाही द्यावी लागते. फूटपाथवर आणली की दंड. माझ्या नवऱ्यानं परीक्षा दिली तेव्हा आदल्या रात्री बोर्डाच्या परीक्षेसारखा बसला होता.

शेवटचा_बाक, तुमची मुलगी इथे असती तर तिला चालवताच आली नसती. इंग्लंडमध्ये चौदाला चालते. आपल्याकडे वयाची अटच नाही, म्हणजे ते घरच्यांनीच ठरवायचं.

तोक्योतली_वहिनी
बुधवार, सकाळी ८:१०

जपानात आणखी गंमत आहे. इथे नियम नुसता वेगाचा नाही, प्रमाणाचा आहे. ताशी १० पर्यंत तुम्ही एक भाग जोर लावला तर मोटर जास्तीत जास्त दोन भाग लावते, मग मदत उतरत उतरत २४ ला शून्य. त्यामुळे पुढे-मागे दोन पोरं आणि भाजीच्या पिशव्या घेऊन चढ चढणाऱ्या आया दिसतात, पण भन्नाट सुटलेली सायकल दिसत नाही. चढावर ताकद द्यायची, सपाटीवर माज द्यायचा नाही, असा हिशोब.

डेक्कनचा_वळसा
बुधवार, सकाळी ८:४०

वहिनींचं वाक्य आपल्या नियमकर्त्यांना पाठवायला हवं. आपल्याकडे थ्रॉटलला बंदी नाही, ताकद आणि वेग या पहिल्या दोन अटींत बसली की झालं. पेडल असलेली पण पेडल न मारता पळणारी, अशी सायकल युरोपात सायकल म्हणून चालायची नाही. मला विचाराल तर मुलीसाठी पेडल मारल्यावरच चालणारी घ्या, किंवा दोन्ही असेल तर थ्रॉटल काढून ठेवा. पाय थांबले की मोटर थांबते, ही सवय चांगली.

शेवटचा_बाक
बुधवार, दुपारी १२:२०

उतारावर सायकल पस्तीसनं गेली तर? वेगाची अट मोडली का?

पंक्चरशास्त्री
बुधवार, दुपारी १२:४५

नाही. मोटर पंचवीसला हात काढून घेते. पुढचं काम उताराचं आणि तुमचं. कात्रजच्या उतारावर साधी सायकलही पन्नास गाठते, तिला कोण पासिंग मागतंय? पण पडलात तर डांबर कलम बघत नाही, म्हणून ब्रेकवर बोटं ठेवा.

ओलीचिंब
बुधवार, रात्री ९:१५

ठाण्यात तीन वर्षं ई-सायकल चालवतेय. घर ते स्टेशन. कलमं सगळी वर आलीच आहेत, मी चालवतानाचं सांगते.

पहिले दोन महिने माझ्यासमोर सतत कोणीतरी यायचं. रिक्षावाला वळायचा, कारचं दार उघडायचं, आजोबा रस्ता ओलांडायला पाऊल टाकायचे. मला वाटायचं सगळं ठाणं माझ्या जिवावर उठलंय. मग एकदा एका रिक्षावाल्या काकांनी आरशात बोट दाखवून समजावलं. म्हणाले, "ताई, आरशात बाईमाणूस सायकलवर दिसतं. आम्ही म्हणतो, अजून बराच वेळ आहे. आणि वळेपर्यंत तुम्ही दारात."

अगदी खरं. साधी सायकल ताशी बाराच्या आसपास जाते, म्हणजे सेकंदाला सव्वातीन मीटर. मी पंचवीसनं यायचे, सेकंदाला सात मीटर. बघणाऱ्याचा अंदाज दुपटीनं चुकतो आणि मोटरचा आवाजही नाही. मांजरीसारखी येतो आपण. त्यामुळे आता उभ्या गाड्यांपासून दार उघडेल एवढं अंतर ठेवते आणि रिक्षा स्टँडसमोर पंधरावर येते. चौकात समोरच्याची नजर मिळेपर्यंत पुढे जात नाही. दिवसाही मागचा लाल दिवा चालू. रिफ्लेक्टर नियमात आहेत, पण ते दुसऱ्याचा दिवा पडला तरच चमकतात.

हेल्मेट: मोटार वाहन नाही म्हटल्यावर हेल्मेटची सक्ती नाही. नसू दे सक्ती. मुलीला पहिल्या दिवसापासून घाला, नंतर घालत नाहीत.

पाऊस: भिजलेली सायकल आणली की लगेच चार्जिंगला लावू नका. चार्जिंगची खाच पुसा, सुकू द्या. साचलेल्या पाण्यातून सायकल घालू नका, आणि हे मोटरपेक्षा खड्ड्यासाठी सांगतेय. ठाण्यात पाण्याखाली काय आहे ते फक्त पालिकेलाच माहीत असतं, आणि तेही नसतंच.

लेखनसीमा
बुधवार, रात्री १०:०५

बॅटरीबद्दल कोणीतरी सविस्तर लिहा. आमच्या सोसायटीत यावरून दोन तट पडलेत. एकानं जिन्यात प्लग काढून रात्रभर सायकल लावली, तर सभेत कॉमन मीटरच्या बिलावरच दीड तास भांडण. आग लागली तर उतरायला तोच एक जिना आहे, हे कोणाच्या तोंडून निघालं नाही!

पंक्चरशास्त्री
बुधवार, रात्री १०:४०

जिन्यात, पॅसेजमध्ये, घराच्या दाराच्या आतल्या बाजूला कधीच नाही. निघायची वाट तीच असते. जागं असताना चार्ज करा, उशी-गादीवर ठेवू नका. बॅटरी काढता येत असेल तर काढून फरशीवर ठेवा.

चार्जर तिचाच वापरा. ३६ व्होल्टची बॅटरी म्हणजे दहा सेल ओळीत, प्रत्येक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, म्हणून चार्जर ४२ व्होल्टचा. ४८ च्या बॅटरीचा चार्जर ५४.६ व्होल्टचा. कधीकधी दोघांची पिन सारखी असते आणि घरात दोन सायकली असल्या की इथेच घोळ होतो. आतलं संरक्षण सर्किट चांगलं असेल तर ते अडवतं, पण त्याच्या भरवशावर राहू नका. चार्जरवर रंगीत टेप लावा. फुगलेली, तापणारी, वास येणारी बॅटरी घरात ठेवू नका.

आणि विमानातून नेता येईल का म्हणून एकानं व्यनि (खाजगी निरोप) केलाय. नाही. प्रवासी विमानात १६० वॅट-अवरच्या पुढची लिथियम बॅटरी चालत नाही. ३६ व्होल्ट आणि ७.८ अँपिअर-अवर गुणा, २८० होतात.

गोदाकाठचा_हरी
गुरुवार, सकाळी १०:००

माझ्याकडे वडिलांची जुनी दणकट सायकल आहे. ऑनलाइन किट मिळतं, पुढच्या चाकात हब मोटर. २५० वॅटचंच आहे, २५ च्या वर जात नाही. हे चालेल ना? नवी घेण्यापेक्षा निम्म्यात होतंय.

पंक्चरशास्त्री
गुरुवार, सकाळी १०:३५

हरीभाऊ, मन मोडतो, माफ करा. सूट मिळते ती तपासलेल्या वाहनाला. तुमच्या वडिलांच्या सायकलीत बसवलेलं ते किट या जोडीनं कुणी तपासलेलंच नाही, मग प्रमाणपत्र कशाचं दाखवणार? आकडे नियमात बसले तरी कागद नाही. पोलीस अडवतील असं नाही, पण अपघात झाला आणि प्रकरण पुढे गेलं तर तुमच्या हातात काही नाही.

तांत्रिक भाग वेगळाच. हब मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा आस मागे फिरायला बघतो. चिमट्याच्या खाचेत नुसत्या नटांवर तो अडकलेला असतो. नट सैल झाला की आस खाचेतच फिरतो, वायर पिळून तुटते, चाक सुटतं. पुढचं चाक सुटणं म्हणजे काय ते सांगायला नको. बसवणारच असाल तर टॉर्क आर्म नावाची पोलादी पट्टी दोन्ही बाजूंना लावा आणि मोटर मागच्या चाकात घ्या. ॲल्युमिनियमच्या किंवा सस्पेन्शनच्या पुढच्या चिमट्यात हब मोटर मी तरी कोणाला बसवून दिलेली नाही.

गोदाकाठचा_हरी
गुरुवार, सकाळी १०:५०

वडिलांची सायकल तशीच राहू दे मग. तेल-पाणी करतो.

डेक्कनचा_वळसा
गुरुवार, दुपारी ४:३०

कुठे चालवायची यावर दोन शब्द. सायकल ठरली म्हणजे सायकलीला जिथे बंदी तिथे हिलाही बंदी. पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग, वांद्रे-वरळी सेतू, अटल सेतू, इथे दुचाकीच नाही तर सायकल कुठून? 'मोटार वाहन नाही' याचा अर्थ 'पादचारी आहे' असाही नाही, त्यामुळे फूटपाथ नको आणि उलट्या दिशेनं तर अजिबात नको.

सायकल ट्रॅकबद्दल बोलत नाही. सातारा रोडच्या ट्रॅकवर मी एकदा सलग दोनशे मीटर चालवून दाखवीन म्हणून पैज लावली होती. ऐंशीव्या मीटरला नारळवाला, तिथेच थांबून पाणी पिऊन परत आलो.

शेवटचा_बाक
रविवार, रात्री ८:२०

मंडळी, अहवाल देतो.

शनिवारी पुन्हा त्याच दुकानात गेलो आणि चाचणीचं प्रमाणपत्र मागितलं. मालकांनी ड्रॉवरमधून लॅमिनेट केलेला कागद काढला. शिक्का होता, सही होती. मी जवळजवळ परत दिला होता, पण मुलीनं हातातून घेतला आणि सायकलच्या फ्रेमवरच्या स्टिकरशी ताडून बघायला खाली वाकली. कागदावर मॉडेलच्या नावापुढे एस, स्टिकरवर एक्सएल. मालक म्हणाले, "तेच हो, नुसती बॅटरी मोठी." बॅटरी मोठी की मोटर मोठी हे विचारल्यावर फोन आला त्यांना. बराच वेळ चालला फोन. आम्ही निघालो. तो पोरगा या वेळी पार्किंगपर्यंत आला नाही.

दुसऱ्या दुकानात नाव अक्षरशः जुळलं. त्यांनी झेरॉक्सही दिली, ती बिलासोबत प्लास्टिकमध्ये घालून सीटखालच्या पिशवीत ठेवलीय. पेडल असिस्ट, दोन्हीकडे डिस्कब्रेक. थ्रॉटल होता, तो त्यांच्याकडूनच काढून घेतला, तशी नोंद बिलावर आहे. बत्तीस हजार पाचशे.

आज सकाळी सहाला कॅनॉलच्या रस्त्यावर चाचणी घेतली. मोबाइल हँडलला बांधला. सपाटीला २४ पर्यंत जाते, मग पायाला चक्क जड लागायला लागतं, कोणीतरी मागून धरलेला हात सोडल्यासारखं. मुलीला सायकल शिकवताना मी असाच सोडला होता. तिला ते सांगितलं नाही.

एक शंका राहिली. सायकलीवर बटण दाबून वाजणारा भोंगा आहे, पण आवाज अगदीच किडकिड्या. घंटी लावावी म्हणतोय. कुठली?

पंक्चरशास्त्री
रविवार, रात्री ८:४५

पितळी, अंगठ्यानं वाजवायची, ट्रिंग-ट्रिंग वाली. भोहरी आळीत मिळेल. त्या आवाजाला पुण्यात अजून माणसं मागे वळून बघतात. डाव्या हाताला लावा, उजवा पुढच्या ब्रेकसाठी मोकळा राहू दे.

ऱ्हस्वदीर्घ
रविवार, रात्री ८:५२

भोहरी नव्हे, बोहरी.

पंक्चरशास्त्री
रविवार, रात्री ८:५३

बोहरी. घंटी तीच.